एफएसएच वाढलं म्हणजे चांगलं की वाईट? हार्मोनच्या रिपोर्टचा उलटा हिशोब

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की रक्ताच्या रिपोर्टवर दोन नावं हमखास येतात, एफएसएच आणि एलएच. लॅब बेळगावची असो, मडगावची असो, इंदूरची की वडोदऱ्याची. डॉक्टर कन्नडमध्ये सांगतील, कोंकणीत सांगतील, हिंदीत किंवा गुजरातीत सांगतील. खरं रिपोर्ट सगळीकडे इंग्रजीतच, आणि ही दोन नावं सगळीकडे तीच. नावापुढे आकडा, आकड्यापुढे ‘नॉर्मल रेंज’, आणि आकडा रेंजबाहेर गेला की शेजारी ‘हाय’ किंवा ‘लो’. मग घरी बसून अंदाज सुरू होतात. हार्मोन वाढलंय म्हणजे जोर जास्त आहे, असं एकजण म्हणतो. कमी आहे म्हणजे आता आशा नाही, असं दुसरा.

बहुतेक वेळा हिशोब याच्या उलटा असतो. एफएसएच वाढलेलं असणं ही काळजीची गोष्ट असू शकते, आणि ते अगदी कमी असणं हे कधीकधी उपचार लागू पडण्याचं लक्षण असतं. असं का, हे एकदा नीट समजून घेतलं तर नको त्या इंजेक्शनवर जाणारा पैसा आणि वेळ दोन्ही वाचू शकतात.

हुकूम कुठून येतो

स्त्रीचं अंडाशय आणि पुरुषाचं वृषण यांना आपण प्रजननाच्या ग्रंथी म्हणतो. पण या ग्रंथी आपल्या मनानं काम करत नाहीत. त्यांना हुकूम येतो डोक्यातून. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव पीयूषिका होतं, डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. एफएसएच आणि एलएच तिथं तयार होतात आणि रक्तातून खाली अंडाशयाकडे किंवा वृषणाकडे जातात. नावं बायकांच्या शरीरावरून पडली आहेत, एफएसएचमधला ‘एफ’ म्हणजे अंडाशयातलं फॉलिकल. म्हणून पुष्कळांना वाटतं की ही बायकांची हार्मोन्स. तसं नाही. पुरुषात हीच दोन हार्मोन्स, अगदी त्याच रचनेची, वृषणाला कामाला लावतात. एलएच टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं, एफएसएच शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींना सांभाळतं.

पीयूषिकेच्याही वर एक वरिष्ठ आहे, मेंदूचाच भाग असलेला हायपोथॅलॅमस. तो जीएनआरएच नावाचं एक छोटं हार्मोन सोडतो आणि त्या इशाऱ्यावर पीयूषिका हलते. हे हार्मोन शोधायला काय कष्ट पडले ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत रॉजर गिलेमाँ मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली डुकरांच्या मेंदूतून ते वेगळं काढत होते. कत्तलखान्यांतून आणलेले मेंदू लाखांच्या हिशेबात लागले, कारण एका जनावरात ते नावापुरतंच सापडतं. १९७१ मध्ये त्याची रचना कळली, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. १९७७ चं नोबेल या दोघांना मिळालं, आणि त्याच वर्षी त्यांच्याबरोबर रोझलिन यालो यांना, रक्तातली इतकी सूक्ष्म हार्मोन्स मोजायची पद्धत काढल्याबद्दल. आज आपल्या हातात जो रिपोर्ट पडतो त्याची सुरुवात तिथून आहे.

टाकी, मोटर आणि टँकर

घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खाली बोअरची मोटर, मध्ये स्टार्टर, आणि टाकीत फ्लोट. पाणी खाली गेलं की फ्लोट उतरतो आणि स्टार्टर मोटर चालू करतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो, मोटर बंद. आपल्या शरीरात मोटर म्हणजे अंडाशय किंवा वृषण, टाकीतलं पाणी म्हणजे रक्तातलं इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन, स्टार्टर म्हणजे पीयूषिका, आणि स्टार्टरकडून मोटरीला जाणारा हुकूम म्हणजे एफएसएच-एलएच.

आता मोटरच जळाली असेल तर? टाकी रिकामी, फ्लोट खाली, स्टार्टर हुकूम सोडत बसतो, पाणी काही चढत नाही. रक्त तपासलं तर एफएसएच भरपूर आणि इस्ट्रोजेन कमी. वाढलेल्या एफएसएचचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो : खालची ग्रंथी दाद देत नाही म्हणून वरून आवाज चढवलाय. पाळी गेलेल्या बाईचं एफएसएच ३० च्या वर, पुष्कळदा ६०-८० पर्यंत असतं, ते याचमुळे. पन्नाशीत हे नैसर्गिक आहे. तोच आकडा बत्तीस वर्षांच्या बाईच्या रिपोर्टवर दिसला, पाळीही काही महिने आली नसेल, तर अंडाशय वेळेआधी थकलंय का, हे बघावं लागतं. पुरुषात वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली असेल, किरणोपचार किंवा केमोथेरपी झाली असेल, जन्मजात गुणसूत्राचा दोष असेल, तर एफएसएच असंच वर जातं.

उलट बाजू बघा. टाकी रिकामी आहे आणि तरीही स्टार्टर गप्प. मोटर चांगली आहे, तिला हुकूमच येत नाही. रिपोर्टवर एफएसएच, एलएच दोन्ही कमी, इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉनही कमी. घरचे हा रिपोर्ट बघून जास्त घाबरतात. पण इथं कारण वरच्या मजल्यावर आहे, आणि ते पुष्कळदा दुरुस्त होतं. वजन फार उतरलंय, खाणं अपुरं आणि श्रम जास्त, अशा मुलींची पाळी थांबते ती अशीच. भरतीसाठी रोज पहाटे धावायचं आणि बारीक व्हायचं म्हणून जेवण अर्धं करायचं, असं काही महिने चाललं की मेंदू ठरवतो की ही वेळ गर्भ धरायची नव्हे, आणि इशारा बंद करतो. खाणं सुधारलं, वजन परत आलं की बहुधा पाळीही परत येते. प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढलं तरी इशारा दबतो. बाळ अंगावर पीत असताना पाळी लांबते ती त्यामुळे. पण बाळ नसताना प्रोलॅक्टिन वाढलं असेल तर थायरॉइड, चालू असलेल्या गोळ्या, आणि कधी पीयूषिकेतली छोटी गाठ, हे तपासावं लागतं. गाठ म्हटलं की जीव घाबरा होतो, पण यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात आणि गोळ्यांनीच आटोक्यात येतात.

यातला एक प्रकार फार कमी ओळखला जातो. मुलगा सतरा-अठराचा झाला, मिसरूड नाही, आवाज फुटला नाही, आणि विचारलं तर कळतं की त्याला वासही येत नाही. याला कॅलमन सिंड्रोम म्हणतात. जीएनआरएच सोडणाऱ्या पेशी गर्भात असताना नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या नसांच्या वाटेनं मेंदूत जातात. ती वाटच नीट झाली नाही तर वासही नाही आणि हुकूमही नाही. असा मुलगा ‘उशिरा वाढतोय, होईल लग्नापर्यंत’ म्हणून घरात ठेवला जातो, आणि लग्नानंतर सगळ्यांचीच कुचंबणा होते. खरं तर वरून यायचा तो हुकूम इंजेक्शननं देता येतो, वयात येणं घडवता येतं, आणि महिनोन् महिने नेटानं उपचार घेतले तर पुष्कळांना स्वतःचं मूलही होतं.

बायकांच्या महिन्यात उपमा मोडते

टाकीची उपमा पुरुषाला चपखल बसते. बाईच्या बाबतीत महिन्यातून एकदा ती मोडते. पाळी सुरू झाली की एफएसएच थोडं वाढतं, अंडाशयातली काही फॉलिकल्स वाढू लागतात, त्यातलं एक पुढे निघून जातं आणि इस्ट्रोजेन सोडू लागतं. नियमाप्रमाणे एफएसएच खाली येतं. पण ते फॉलिकल पक्व होऊन इस्ट्रोजेन खूप वर गेलं आणि सुमारे दोन दिवस तिथंच टिकलं, की पीयूषिका एकदम उलटी वागते. हुकूम बंद करायच्या ऐवजी एलएचचा लोंढा सोडते. त्या लोंढ्याच्या सुरुवातीपासून सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. आयव्हीएफमध्ये रात्री अमुक वाजता, मिनिटाचाही उशीर नको, असं सांगून जे इंजेक्शन देतात, ते याच लोंढ्याची नक्कल असते, आणि बीज काढायची वेळ त्यावरूनच ठरते.

बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचा असतो. कमी-जास्त होतं ते आधीच्या काळात. म्हणून ‘चौदावा दिवस महत्त्वाचा’ हे जे सर्रास सांगितलं जातं ते फक्त २८ दिवसांच्या पाळीला लागू. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. चौदाव्या दिवसाच्या नादात महिनेच्या महिने वाया घालवणारी जोडपी आहेत.

आकडा कुठल्या दिवशीच्या रक्तातला आहे हे म्हणूनच बघावं लागतं. एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात. एलएच मध्यावर तपासलं तर ते वाढलेलंच दिसणार, तो आजार नव्हे. यात्रेसाठी किंवा घरच्या गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्या महिन्याच्या रिपोर्टवर भरवसा ठेवू नका. आणि पीसीओएसबद्दल एक गोष्ट. एलएच एफएसएचच्या दुप्पट आलं की ‘पीसीओएस आहे’ असं लॅबच्या काउंटरवरच कुणीतरी सांगून मोकळं होतं. निदानाच्या मान्य निकषांत हे प्रमाण नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा पातळी, आणि सोनोग्राफी, यावरून ते ठरतं.

सतत हुकूम म्हणजे हुकूम नाही

हायपोथॅलॅमस आपला इशारा धारेसारखा सोडत नाही, थांबून थांबून, साधारण तास-दीड तासानं एक झटका असा सोडतो. अमेरिकेत एर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं १९७८ मध्ये माकडिणींवर दाखवलं की तासाला एक झटका दिला तर पीयूषिका नीट चालते, आणि तेच औषध सलग सोडलं तर ती बंदच पडते. यातून एक चमत्कारिक औषध हाती आलं. जीएनआरएचसारखंच, पण जास्त टिकणारं. त्याचं महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं की आधी थोडे दिवस हार्मोन्स वाढतात आणि मग पूर्ण खाली बसतात. आजोबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, सहा-सात वर्षांत पाळीची लक्षणं दिसू लागलेल्या नातीला ती थांबवण्यासाठी, आणि सुनेला एंडोमेट्रिओसिससाठी, अशी एकाच जातीची औषधं एका घरात येऊ शकतात. मेडिकलवाल्यानं चूक केली असं समजू नका.

आपल्याकडच्या दूधवाल्या शेतकऱ्यांना हे प्रकरण वेगळ्या नावानं माहीत आहे. म्हैस वारंवार उलटते, भरवूनही गाभण राहत नाही, तेव्हा जनावरांचे डॉक्टर कृत्रिम रेतनाच्या वेळी जे हार्मोनचं इंजेक्शन देतात, ते बहुतेकदा याच जीएनआरएचच्या कुळातलं. तिथं ते एकदाच देतात, म्हणून ते हुकूम बंद न करता एलएचचा लोंढा आणतं. आणि मत्स्यबीज केंद्रात रोहू-कटल्याला अंडी सोडायला लावतात तेही पीयूषिकेच्याच जोरावर. ओडिशात १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्याच पीयूषिकेचा अर्क टोचून हे जमवलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

जोगिणींच्या लघवीतून औषध

एफएसएचचं इंजेक्शन पहिल्यांदा आलं कुठून? पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात हे हार्मोन भरपूर असतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं, हे वर आलंच. इटलीत पिएत्रो दोनीनी यांनी १९४९ मध्ये अशा लघवीतून ते शुद्ध करून दाखवलं. पण औषधाला लागणारी हजारो लिटर लघवी, तीही पाळी गेलेल्या आणि कुणीही गरोदर नसलेल्या बायकांची, आणायची कुठून? ती आली वयस्क कॅथलिक जोगिणींच्या मठांतून. ज्यांनी स्वतः मूल-बाळ नको म्हणून व्रत घेतलं त्यांच्याकडून. ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांतून १९६२ मध्ये इस्राएलमध्ये या औषधावरचं पहिलं मूल जन्माला आलं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हेच हार्मोन पेशींमध्ये बनवलं जाऊ लागलं, तरी लघवीतून काढलेलं औषधही अजून वापरात आहे.

आपल्या देशाचा यातला वाटा दुःखाचा आहे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ ला जन्मलेल्या मुलीसाठी हीच इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त बीजं मिळवली होती. जगातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ त्याआधी ७० दिवस इंग्लंडमध्ये जन्मलं होतं, पण त्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी नैसर्गिक महिन्यातलं एकच बीज घेतलं होतं. पुढे जगभर रूढ झाला तो मुखोपाध्यायांचा रस्ता. त्यांच्यावर मात्र सरकारी समितीनं विश्वास ठेवला नाही, बदली झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. मुंबईत १९८६ मध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर टेस्टट्यूब बाळाचं काम यशस्वी करणारे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच नंतर मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की मान त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा पहिला नंबर असा काढून देणारी माणसं फार नसतात.

टँकरनं टाकी भरली तर

आता तरुण पोरांकडे येऊ. आमच्या भागाला तालमीची जुनी सवय आहे, दूध-बदामाचा खुराक आणि जोर-बैठका. त्याच्या शेजारी आता गल्लोगल्ली जिम आहेत, आणि काही ठिकाणी ‘कोर्स’ नावाची गोष्ट चालते. कोर्स म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा नॅन्ड्रोलोनसारखी इंजेक्शनं, वर गोळ्या. तीन महिन्यांत दंड भरतात. आतमध्ये काय होतं?

टाकी टँकरनं भरली. फ्लोट वर गेला. स्टार्टरनं मोटर बंद केली. टाकी तर भरलेली आहे, मग बिघडलं काय? बिघडलं हे की मोटरीच्याच पाइपवर परसबाग भिजत होती. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते तिथंच, एलएचच्या हुकमानं तयार व्हावं लागतं. बाहेरून टोचलेलं रक्तात फिरतं, आत तेवढं पोचत नाही. परसबाग वाळते. वृषण आकारानं लहानही होतात.

हा अंदाज नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनच याची चाचणी घेतली होती. सात देशांतल्या २७१ निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं. १९९० मध्ये निष्कर्ष आले : निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर. म्हणजे जे औषध शास्त्रज्ञ मूल होऊ नये म्हणून तपासत होते, ते मर्दानगीचं म्हणून विकलं जातं. आणि ‘अशक्तपणा आहे, मूलही होत नाही’ म्हणून आलेल्या माणसाला टेस्टोस्टेरॉन टोचलं गेलं, तर ज्यासाठी तो आला तेच बंद होतं. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन घ्यायचं नाही, यावर जगभरच्या तज्ज्ञांत दुमत नाही.

बंद केलं तर? बहुतेकांचं परत येतं, पण लगेच नाही. एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, आणि आधी वरचा हुकूम जागा व्हावा लागतो. सहा महिने ते वर्ष धरा, काहींना दोन वर्षं. वर्षानुवर्षं कोर्स करणाऱ्यांत काहींचं पूर्ण परत येत नाही. मध्ये थकवा येतो, मन खचतं, आणि त्या भरात पोरगा पुन्हा इंजेक्शन घेतो. डॉक्टरकडे गेलात तर जिममधलं सगळं सांगा. नाही सांगितलं तर रिपोर्टवर एफएसएच-एलएच जवळजवळ शून्य दिसेल आणि डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढायला सांगतील, तो खर्च फुकटचा.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त तपासणी कुठली, तर वीर्याची. मूल न होण्यात निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. तरीही कितीतरी घरांत सुनेच्या चार सोनोग्राफ्या झालेल्या असतात, नवससायास झालेले असतात, आणि नवऱ्यानं डबीही हातात घेतलेली नसते. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा, आकडा खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचा, एवढंच.

इंजेक्शन घेण्याआधी

एफएसएचची इंजेक्शनं महाग आहेत. ज्या बाईचं स्वतःचंच एफएसएच खूप वाढलेलं आहे, तिला बाहेरून आणखी देऊन बीजं वाढतील ही अपेक्षा थोडीच पुरी होते, कारण अडचण हुकमाची नाही, शिल्लक बीजांची आहे. अशा वेळी ‘माझ्या रिपोर्टवर या इंजेक्शनचा किती उपयोग होईल?’ हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, उत्तर आकड्यात मागा. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल तर मुलाच्या प्रश्नाबरोबर हाडांचा आणि हृदयाचाही प्रश्न असतो, इस्ट्रोजेनचे उपचार त्यासाठी लागतात. उलट, पीसीओएसमध्ये अंडाशय फार जोरात प्रतिसाद देऊ शकतं. इंजेक्शनं चालू असताना किंवा नंतर पोट झपाट्यानं फुगलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा.

रक्त द्यायला जाताना पाळीची तारीख, चालू गोळ्या आणि इंजेक्शनं कागदावर लिहून न्या. केसांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तेही लिहा. काही मशीनवर बायोटिनमुळे एफएसएच-एलएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दाखवलं जातं, म्हणून किती दिवस आधी बंद करायच्या ते लॅबला विचारून ठेवा.